जातिवंत कोंबडा आणि निळ्या पिसांचे कोडे

एखाद्या वाणाच्या नर-मादीची जोडी लावली आणि दर पिढीत निम्मी पिल्ले त्या वाणाच्या व्याख्येबाहेर जन्मली, तर त्या वाणाला 'जातिवंत' म्हणावे काय? एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-अमेरिकेतील कोंबडीपालकांपुढे हा प्रश्न सुमारे अर्धशतक उभा होता. प्रश्नाचे नाव होते निळा अँडलुशियन. त्याचे उत्तर शोधताना आनुवंशशास्त्राचा पाया तर घट्ट झालाच, पण 'शुद्ध रक्त' या कल्पनेचे काही अनर्थही याच खुराड्यांभोवती घडले. धागा लांब आहे, वाचकांनी सवडीने वाचावा.

आरंभ सर जॉन सॉन्डर्स सीब्राइट (१७६७–१८४६) या हर्टफर्डशायरच्या जमीनदार खासदारापासून करू. कोंबड्यांची पैदास तोवर अंड्यांसाठी, मांसासाठी किंवा झुंजीसाठी होत असे. सीब्राइटला यांपैकी काहीच नको होते. त्याला हवा होता मुठीएवढा कोंबडा, ज्याच्या प्रत्येक पिसाला, अगदी प्रत्येक पिसाला, बारीक कुंचल्याने ओढावा तसा काळा काठ असेल. आत सोनेरी किंवा रुपेरी रंग, बाहेर काळी रेघ, आणि ती रेघ मानेपासून शेपटीपर्यंत सारख्याच जाडीची. हे साधायला त्याला कित्येक वर्षे लागली. १८१० च्या सुमारास त्याने समविचारी मंडळींचा एक क्लब काढला आणि लंडनमध्ये त्याच्या वार्षिक बैठका भरू लागल्या. एकाच वाणासाठी, तोही केवळ दिसण्यासाठी, स्थापन झालेला हा बहुधा पहिलाच क्लब असावा.

सीब्राइटच्या कोंबड्यात एक विलक्षण गोष्ट होती. कोंबड्याच्या मानेवर व पाठीवर लांब, टोकदार, चकाकणारी पिसे असतात आणि शेपटीत कोयत्यासारखी वळलेली पिसे असतात. त्या टोकदार पिसांवर सारखा काठ उमटणे कठीण. म्हणून सीब्राइटने असा नर निवडला ज्याची पिसे कोंबडीसारखीच गोल होती. तुरा नराचा, आरव नराचे, पिसारा मात्र मादीचा. शंभर वर्षांनी अमेरिकन शास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन याने या वाणाच्या नरांची वृषणे काढून पाहिली, तेव्हा त्यांना चक्क नराची लांब पिसे फुटली! आता कारण ठाऊक आहे: या वाणाच्या कातडीत नराचे संप्रेरक मादीच्या संप्रेरकात बदलते. सीब्राइटला यातले काहीही माहीत नव्हते. त्याला फक्त डोळ्यांनी निवडणे माहीत होते, आणि ती निवड इतकी तीक्ष्ण होती की पुढे डार्विनने तिचा दाखला दिला. कबुतराचे हवे ते पीस आपण तीन वर्षांत घडवून दाखवू, डोके आणि चोच घडवायला मात्र सहा वर्षे लागतील, असे सीब्राइट म्हणत असे.

याच सीब्राइटने १८०९ साली सर जोसेफ बँक्स यांना उद्देशून पाळीव जनावरांच्या सुधारणेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात त्याने स्वच्छ बजावले आहे की एकाच कुटुंबात पिढ्यानपिढ्या जोड्या लावत राहिले तर जनावर खुजे व दुबळे होते. त्याच्या स्वतःच्या बॅण्टम कोंबड्यांच्या अंड्यांतून पुढे पिल्ले निघेनाशी झाली, ही तक्रार एकोणिसाव्या शतकात सर्वत्र ऐकू येत असे. ज्याने धोका लिहून ठेवला त्याच्याच वाणाला तो सर्वाधिक भोवला.

सीब्राइटचा क्लब हा काही मूठभर श्रीमंतांचा छंद होता. छंदाचे वेड व्हायला आणखी दोन घटना घडाव्या लागल्या. पहिली म्हणजे कोंबड्यांच्या झुंजींवर आलेली बंदी. १८३५ च्या कायद्याने झुंजींचे आखाडे बेकायदा ठरले आणि १८४९ च्या कायद्याने पकड आणखी आवळली. पिढ्यानपिढ्या झुंजीचे कोंबडे जोपासणाऱ्या लोकांपाशी पाखराची पारख होती, ईर्षा होती, पैजेची खुमखुमी होती. फक्त आखाडा उरला नाही. प्रदर्शनातील पिंजऱ्याने ती जागा घेतली. लंडनच्या प्राणिसंग्रहालय संस्थेने १८४५ च्या जूनमध्ये कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरवले. काही वर्षांतच बर्मिंगहॅम हे या छंदाचे मोठे केंद्र बनले.

दुसरी घटना चीनच्या किनाऱ्यावर घडली. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ च्या नानकिंग तहाने शांघाय बंदर इंग्रजांना खुले झाले आणि तेथून जहाजांवरून अवाढव्य, झुबकेदार, पायांपर्यंत पिसे असलेल्या कोंबड्या विलायतेत येऊ लागल्या. त्यांना 'कोचीन' हे नाव पडले. आपल्याकडे हे नाव वाचून केरळचे कोची डोळ्यांपुढे येते, पण संबंध होता तो कोचीन-चायनाशी, म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनामशी. आणि तोही चुकीचाच, कारण पाखरे शांघायची! राणी व्हिक्टोरियाने विंडसरला खास पक्षिगृह बांधून पाखरे पाळली, तेव्हा सरदार-उमरावांपासून पाद्र्यांपर्यंत सर्वांनाच कोंबडी पाळणे प्रतिष्ठेचे वाटू लागले.

अटलांटिकच्या पलीकडे या वेडाला 'हेन फीव्हर', म्हणजे कोंबडीज्वर, असेच नाव पडले. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टनच्या सार्वजनिक उद्यानात भरलेल्या प्रदर्शनाला सुमारे दहा हजार माणसे लोटली. त्या गर्दीत जॉर्ज बर्नहॅम नावाचा एक महाचतुर विक्रेता वावरत होता. १८५२ च्या अखेरीस त्याने नऊ करड्या शांघाय कोंबड्या थेट राणी व्हिक्टोरियाला नजर केल्या. राणीकडून आभाराचे पत्र आले, वर्तमानपत्रांनी बातमी छापली, आणि त्याच्या कोंबड्यांचे भाव गगनाला भिडले. याच करड्या कोंबड्यांचे एक नाव होते 'ब्रह्मपुत्रा'. त्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून आल्या की चितगावहून, की शांघायच्याच कोंबड्यांचा तो एक फाटा, यावर वर्षानुवर्षे शाई सांडली. नाव झिजत झिजत 'ब्रह्मा' झाले आणि तेच टिकले. ज्वर उतरल्यावर १८५५ साली बर्नहॅमने या साऱ्या प्रकरणाचा इतिहास लिहिला आणि गिऱ्हाइकांना कसे बनवले हे मिटक्या मारीत सांगितले. ते पुस्तकही खपले!

भाव कोसळले, पण प्रदर्शने थांबली नाहीत. आता खरी अडचण पुढे आली: पहिला क्रमांक द्यायचा कोणाला? एका परीक्षकाला जे पाखरू सर्वोत्तम वाटे, ते दुसऱ्याला तिरपागडे वाटे. उपाय म्हणून १८६५ मध्ये लंडनच्या पोल्ट्री क्लबने पहिला मानकग्रंथ काढला. त्याचा संपादक विल्यम बर्नहार्ड टेगेटमायर. हा गृहस्थ डार्विनचा कोंबड्या-कबुतरांच्या बाबतीतला प्रमुख माहितगार होता. दोघांचा पत्रव्यवहार १८५५ पासून अनेक वर्षे चालला. अमेरिकेत १८७३ साली बफेलो येथे अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा मानकग्रंथ निघाला. तुरा, कानाची पाळी, पायांचा रंग, पाठीचा उतार, पिसांवरची रेघ, प्रत्येकाला गुण, आणि एकूण शंभर. काही दोष असे की ते आढळताच पाखरू बादच.

मानकग्रंथाने काय केले हे नीट समजून घेण्यासारखे आहे. तोवर पाखरू आधी असे आणि वर्णन नंतर. आता वर्णन आधी लिहिले जाऊ लागले आणि पाखराने त्याबरहुकूम जन्म घ्यावा अशी अपेक्षा सुरू झाली. लिहिणाऱ्यांच्या समितीत चर्चा होई ती काय सुंदर दिसते याची; काय शक्य आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते.

पट्टेदार प्लिमथ रॉकचे उदाहरण पाहावे. १८६९ साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे प्रदर्शित झालेला हा अमेरिकन वाण. अंगभर काळे-पांढरे आडवे पट्टे. प्रदर्शनाचा आग्रह असा की कोंबडा आणि कोंबडी शेजारी उभे केले असता दोघांची छटा एकसारखी दिसावी. आता निसर्गाची अडचण अशी की पट्ट्यांचा घटक पक्ष्यांच्या लिंगठरव्या गुणसूत्रावर असतो. नराकडे ते गुणसूत्र दोन, मादीकडे एक. नराला पट्ट्यांची दुहेरी मात्रा मिळते, म्हणून त्याचे पांढरे पट्टे रुंद व तो फिकट. मादीला एकेरी, म्हणून ती गडद. सख्खे भाऊ-बहीण एकाच छटेचे निघणे जवळजवळ अशक्य.

पालकांनी यावर काढलेली तोड थक्क करणारी आहे. त्यांनी या वाणाच्या दोन स्वतंत्र शाखा ठेवल्या. एका शाखेतून बक्षीसपात्र गडद कोंबडे निघत, पण त्या कोंबड्यांच्या बहिणी इतक्या काळपट की त्यांना प्रदर्शनात कोणी उभे करीना. दुसऱ्या शाखेतून बक्षीसपात्र तलंगा निघत, आणि त्यांचे भाऊ फिकट, निरुपयोगी. मंचावर पहिल्या क्रमांकाची पदके घेऊन शेजारी उभे असलेले नर-मादी वस्तुतः दोन निरनिराळ्या घराण्यांचे असत. त्यांची जोडी लावली तर पिल्ले दोन्हीकडून बाद! नवखा माणूस भरपूर पैसे मोजून ही विजयी जोडी विकत घेई, घरी नेई, आणि पुढच्या हंगामात डोक्याला हात लावून बसे. जुने पालक हे गुपित सहसा आपण होऊन सांगत नसत. सचोटीचा प्रश्न येथे होताच, पण मूळ खोट कागदावरच्या वर्णनात होती.

निळ्या अँडलुशियनचे दुखणे याहून खोल होते. भूमध्य समुद्राकडचे हे पाखरू १८५० च्या आसपास इंग्लंडात आले. पाटीच्या दगडासारखा निळसर करडा रंग, प्रत्येक पिसाला गडद काठ, पांढरी कानाची पाळी, ताठ लाल तुरा. दिसायला राजबिंडे. पण निळ्याला निळी लावली की पिल्लांतली साधारण निम्मी निळी निघत, पाव काळी निघत, आणि उरलेली पाव मळकट पांढरी, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी. पालकांनी निष्कर्ष काढला: रक्तात भेसळ आहे. कुठल्यातरी काळ्या व पांढऱ्या पूर्वजाचा डाग राहिला आहे, तो धुऊन काढायला हवा. मग दर हंगामात काळी व शिंतोडी पिल्ले काढून टाकायची, केवळ निळीच ठेवायची. दहा पिढ्या, वीस पिढ्या, चाळीस पिढ्या. प्रमाण तसूभरही हलले नाही.

१९०० साली मेंडेलचे विस्मृतीत गेलेले काम पुन्हा उजेडात आले. केंब्रिजचा विल्यम बेटसन त्याआधीपासूनच कोंबड्यांचे संकर करीत होता. ग्रँटचेस्टर येथील आपल्या घराच्या आवारात त्याने खुराडी उभारली होती. पैशाची चणचण, विद्यापीठाचा पाठिंबा तुटपुंजा, नोंदी ठेवायला पत्नी बीट्रिसचा हातभार. १९०२ मध्ये त्याने व एडिथ सॉन्डर्स यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवून दिले की मेंडेलचे नियम वाटाण्यापुरते नाहीत, प्राण्यांनाही लागू आहेत. पुढे रेजिनाल्ड पुनेट त्याला येऊन मिळाला. आज शाळेच्या पुस्तकात जो 'पुनेटचा चौकोन' काढतात तो याच पुनेटचा, आणि त्याच्या जन्माशी कोंबड्यांच्या तुऱ्यांचा निकटचा संबंध आहे.

अँडलुशियनकडे वळताच बेटसन-पुनेट यांना कोडे उलगडले. एक, दोन, एक: काळे, निळे, शिंतोडी. मेंडेलचे प्रमाण जसेच्या तसे! काळा रंग फिका करणारा एक घटक आहे. तो एकाच पालकाकडून आला तर काळे पाखरू निळे दिसते. दोघांकडून आला तर शिंतोडी पांढरे. कोणाकडूनच न आला तर काळे. निळे पाखरू म्हणजे कायमचे मिश्रण. पालक ज्यांना भेसळ समजून फेकत होते ते काळे आणि शिंतोडी हेच रंगापुरते शुद्ध होते, आणि ज्याला शुद्ध समजून जपत होते तो निळा हाच संकर. पुढचा निष्कर्ष तर पालकांच्या जिव्हारी लागणारा होता: सगळीच्या सगळी निळी पिल्ले हवी असतील तर निळ्याला निळी लावू नका, टाकाऊ काळ्याला टाकाऊ शिंतोडी लावा.

बेटसनच्या दृष्टीने यातला खरा मुद्दा रंगाहून मोठा होता. तोवर शुद्धता म्हणजे वंशावळ: जितक्या पिढ्या बाहेरचे रक्त आले नाही, तितके पाखरू शुद्ध. मेंडेलच्या नियमांनुसार शुद्धता ही एकेका गुणाची असते, अख्ख्या प्राण्याची नव्हे. संकरित आई-बापांचे पिल्लूही एखाद्या गुणात पहिल्याच पिढीत पूर्ण शुद्ध असू शकते, आणि शंभर पिढ्यांची वंशावळ असलेले पाखरू त्याच गुणात अशुद्ध. आपल्या भाषेत 'जात' हा शब्द कोंबडीला आणि माणसाला एकच आहे, त्यामुळे हा मुद्दा मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागू नये.

सर्वांनी तो तसा घेतला नाही. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत चार्ल्स डॅव्हनपोर्ट यानेही कोंबड्यांवर दीर्घ काम केले. त्याचा कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवरचा ग्रंथ १९०६ चा. काम चांगले होते. पण तुऱ्याचा आणि पिसांचा हिशेब ज्या सहजतेने मांडला, त्याच सहजतेने त्याने दारिद्र्य, भटकेपणा, 'मंदबुद्धी' यांचाही हिशेब मांडायला घेतला. १९१० मध्ये त्याने तेथे सुप्रजननाचे नोंदणी कार्यालय उघडले आणि त्याच्या प्रमुखपदी हॅरी लॉफ्लिन या मिसूरीच्या शिक्षकाला आणले. दोघांची ओळख झाली ती लॉफ्लिनने कोंबड्यांच्या पैदाशीविषयी शंका विचारणारे पत्र लिहिले तेव्हा. याच लॉफ्लिनने सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याचा नमुना तयार केला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा वैध ठरवला आणि पुढच्या दशकांत हजारो स्त्री-पुरुषांवर ती शस्त्रक्रिया लादली गेली. १९२० पासून कॅन्ससच्या जत्रेत तर गाई-डुकरांच्या स्पर्धांबरोबर 'सुदृढ कुटुंबां'च्याही स्पर्धा भरू लागल्या. परीक्षक माणसांची तपासणी करून पदके देत.

यात दोष मेंडेलचा नव्हता, कोंबड्यांचा तर नव्हताच. डॅव्हनपोर्टने खुराड्यातून मानकग्रंथाची वृत्ती उचलली आणि अँडलुशियनचा धडा तेथेच सोडला, असे माझे मत आहे. वर्णन आधी लिहायचे आणि जे त्यात बसत नाही ते काढून टाकायचे, एवढेच त्याच्यासोबत बाहेर पडले.

पुनेटने मात्र पिसांच्या रंगाचा वेगळाच उपयोग शोधला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला धान्याची टंचाई भासत होती. अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या तर नर पिल्लांना आठवडेच्या आठवडे दाणे घालणे परवडत नव्हते, आणि एक दिवसाच्या पिल्लात नर कोणता, मादी कोणती हे नुसते पाहून कळत नाही. पुनेटने सुचवले की लिंगाशी जोडलेल्या रंगांचे योग्य संकर केले, तर पिल्लाच्या लवेवरूनच ते ओळखता येईल. पुढे मायकेल पीझ याच्यासह त्याने पट्टेदार प्लिमथ रॉक आणि सोनेरी कॅम्पाइन यांपासून 'कॅम्बर' नावाचा वाण घडवला. यात नर पिल्लू फिकट, मादी गडद. ज्या दुहेरी-एकेरी मात्रेने प्रदर्शनवाल्यांना दोन-दोन शाखा ठेवायला लावल्या होत्या, तीच येथे कामाला आली.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बाजारातली कोंबडी आणि प्रदर्शनातली कोंबडी यांच्या वाटा पुरत्या वेगळ्या झाल्या. कत्तलखान्याला पांढरी पिसे हवीत, कारण सोललेल्या कातडीत राहिलेले पांढरे खुंट दिसत नाहीत. रंगाची निवड येथेही झाली, पण ती रंग नाहीसा करण्यासाठी. आज महाराष्ट्रातल्या शेडमध्ये वाढणाऱ्या ब्रॉयलरच्या पूर्वजांत कॉर्निश हा वाण आहे. त्याचे जुने नाव 'इंडियन गेम', कारण कॉर्नवॉलमध्ये तो घडवताना त्यात भारतातल्या असील या झुंजार कोंबड्याचे रक्त घातले गेले होते. रुंद छातीचे ते पाखरू गेले रंगीत पिसांचे, परतले पांढरे होऊन.

एक शेवटचा तपशील राहिला. सारी पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली, असे डार्विनचे मत होते. त्याने काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांचा संकर केला, तेव्हा एका नर पिल्लाला मोठेपणी थेट रानकोंबड्यासारखी लाल-केशरी पिसे आली. पूर्वज पिसांतून डोकावला, असा त्याने अर्थ लावला. आपल्या सह्याद्रीत आढळणारा करडा रानकोंबडा त्याने पूर्वजांच्या यादीतून वगळला होता, कारण त्याची पाळीव कोंबडीशी झालेली संतती बहुधा वांझ निघते. २००८ साली जनुकांची तपासणी झाली तेव्हा आढळले की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाही. ते आले आहे या करड्या रानकोंबड्याकडून, केव्हातरी झालेल्या संकरातून. अमेरिकन मानकग्रंथ प्लिमथ रॉक, लेगहॉर्न, ब्रह्मा, कोचीन या सर्वांचे पाय पिवळे असावेत असे सांगतो आणि त्यासाठी गुण राखून ठेवतो.